कुठल्या तोंडानं यायचं?

मुलगा खुर्चीत बसला, पण तोंड उघडेना. उजवा गाल सुजला होता. कसंबसं उघडलं तेव्हा दिसलं, खालची तार दाढेच्या मागून निसटून गालात रुतली होती. वरची त्याने घरीच नेलकटरने तोडली होती. हिरड्या फुगून क्लिपांवर चढल्या होत्या. साठलेला थर कापसाने पुसला, तर क्लिपांच्या कडेने खडूसारखे पांढरे डाग. कार्डावरची शेवटची नोंद तेरा महिन्यांपूर्वीची होती.

वडील दाराशीच उभे होते. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "एवढे दिवस होतात कुठे?"

"मॅडम, बाग गेली. बाकी राहिलीया तुमची. कुठल्या तोंडानं यायचं?"

तासगावकडची द्राक्षबाग. आदल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, पाठोपाठ दावण्या रोग आला आणि हंगाम संपला. हे मला तेव्हा कळलं, तेरा महिन्यांनी. त्या दवाखान्याच्या रिसेप्शनच्या वहीत मात्र त्या मुलाचं नाव दर महिन्याला येत होतं. पुढे लिहिलेलं असायचं : "बाकी ४,५००. फोन केला." म्हणजे आमच्याकडून फोन जात होता, पण तो पैशासाठी. "तार तपासायला या" असं त्यांना एकदाही कुणी म्हटलं नव्हतं.

नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टांसाठी हे लिहिते आहे. एम.डी.एस.च्या तीन वर्षांत आम्हाला तार वाकवायला शिकवतात. पेशंट यायचा थांबला तर तोंडातल्या तारेचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

या मुलाचे वरचे दात पुढे होते. वरच्या दोन आणि खालच्या दोन उपदाढा काढून त्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचे, असा बेत होता. निदान चुकलं नव्हतं. पहिले सहा महिने निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांनी दात ओळीत आणले, मग स्टीलची तार घालून रबरी चेनने सुळे मागे ओढायला सुरुवात केली. तिथेच तो थांबला.

चेनचा जोर फार टिकत नाही, पहिल्याच दिवसात तो निम्म्यावर येतो. म्हणून चेनने मोठी हानी केली नाही. हानी झाली ती अर्धवटपणाने. मोकळ्या जागेकडे दाढा कलल्या. एका सुळ्याची क्लिप निघाली आणि तो फिरला. फटींत अन्न अडकून दोन दाढा किडल्या. पांढरे डाग तर ब्रश नीट नसेल तर चार आठवड्यांतही उमटू लागतात, इथे तेरा महिने गेले होते. शिवाय काढलेले चार दात परत बसवता येत नाहीत. दात न काढता सुरू केलेले उपचार मध्येच सोडले, तर मूल बहुधा होतं तिथे परत जातं. काढून सुरू केले की परतीची वाट बंद होते.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगते. त्या काळी मी मिरजेत स्वतःचं क्लिनिक चालवून आठवड्यातले दोन दिवस तालुक्याच्या गावांतल्या दंतवैद्यांकडे व्हिजिटला जात असे. हा मुलगा तिथला. आमच्यातले बहुतेक जण उमेदीची वर्षं अशीच काढतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्या व्यवस्थेत पेशंट त्यांचा आणि तार माझी. एक्स-रे त्यांच्या कपाटात, माप माझ्या डायरीत, पैसे त्यांच्या काउंटरवर. मुलगा आला नाही तर त्यांना वाटायचं मॅडम बघतील, मला वाटायचं ते बोलावतील. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं.

दुसरी चूक फीच्या रचनेत होती. सुरुवातीला थोडी रक्कम आणि मग दर भेटीला हप्ता. पालकांना सोपं जातं म्हणून मीच ती पद्धत घातली. तिचा अर्थ घरात काय निघतो, याचा मात्र विचार केला नाही. हप्ता नसेल तर भेट नाही, असाच तो निघतो. खिशात हजार रुपये नसलेला बाप मुलाला दवाखान्यात कसा आणणार? त्याची लाज मी फीच्या तक्त्यातच लिहून ठेवली होती.

त्या दिवशी दोन्ही तारा काढल्या, दात साफ केले, गालाची जखम धुतली. वडिलांना म्हटलं, बाकीचं नंतर बघू, आधी तीन महिने फक्त ब्रश. कीड भरली, हिरड्या बसल्या, मग पुन्हा क्लिपा लावल्या आणि जागा बंद केली. दोन वर्षांचं काम साडेतीन वर्षांवर गेलं. जादा पैसे घेतले नाहीत. त्यात मोठेपणा नाही, आमच्या शास्त्राचा तो जुना पायंडा आहे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी एकही दात काढायचा नाही असा दंडक घातला होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या पेशंटांचे दात पुन्हा बिघडलेले दिसले, तेव्हा त्यांनी अशा पेशंटांना बोलावून, उपदाढा काढून, पुन्हा फी न घेता उपचार केले आणि १९३६ साली ते उघडपणे मांडलं. गुरूच्या विरोधात जाण्यापेक्षा स्वतःची बिघडलेली कामं चारचौघांत ठेवणं अवघड असतं. नवीन मुलांनी ट्वीडच्या मोजमापांआधी ही गोष्ट वाचावी.

त्यानंतर मी ज्या गोष्टी बदलल्या, त्या अशा.

पहिली गोष्ट, वह्या दोन केल्या. एक पैशांची, एक तारांची. तारांच्या वहीत प्रत्येक तोंडातली तार, ती घातल्याची तारीख आणि पुढची भेट. सहा आठवडे उलटले की फोन जातो, आणि त्या फोनवर पैशाचा शब्द काढायचा नाही असा नियम आहे.

दुसरी, हप्ता भेटीपासून तोडला. बागायतदाराच्या हातात पैसा मार्च-एप्रिलमध्ये येतो, सोयाबीनवाल्याच्या दिवाळीच्या सुमारास, पगारदाराच्या एक तारखेला. हप्ते त्या हिशेबाने पडतात, भेटी मात्र महिन्याच्या महिन्याला. प्रत्येक कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलंय : "उपचार थांबवायचे असतील तर तार काढून घ्यायला या. त्याचे पैसे नाहीत." हे वाक्य छापल्यावर उपचार सोडून जाणारे वाढतील असं मला वाटत होतं. उलट आता लोक निदान सांगून तरी जातात.

तिसरी गोष्ट दात काढण्यापूर्वीची. उपदाढा काढायची चिठ्ठी पहिल्याच भेटीत देत नाही. दोन वेळा बोलावून ब्रश तपासते. जो दोनदा वेळेवर येत नाही, तो चोवीस महिने येईल कसा? घरची अडचण त्याच भेटींत मोकळेपणाने विचारते.

चौथी, मुक्कामाची तार. दहावीची परीक्षा, वडिलांची बदली, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, अशी गैरहजेरी आधी कळली तर चेन काढून टाकते. वाकवलेली निकेल-टायटॅनियमची तार कधीच ठेवत नाही, कारण ती तुमच्या परवानगीविना काम करत राहते. जोर न लावणारी जाड स्टीलची तार घालायची, दात एकमेकांना बारीक तारेने बांधायचे आणि टोकं आत वळवायची. पुढे काही सरकलं नाही तरी चालेल, बिघडता कामा नये.

पाचवी, व्हिजिटच्या क्लिनिकशी कागदावर ठरवणं. फोन कोण करणार, तार टोचली तर त्या दिवशी कोण कापणार, मी जाणं थांबवलं तर पेशंट कोणाकडे. फोटो आणि एक्स-रेची एक प्रत माझ्याकडे हवीच. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण कोर्टाची भीती नसती तरी हा कागद करावाच.

शेवटचं रिटेनरबद्दल. क्लिपा निघाल्या की पालक पेढे आणतात आणि आपणही गाफील होतो. सरकवलेले दात जुन्या जागेकडे ओढ घेतातच, खालचे पुढचे तर फारच. म्हणून रिटेनरचे पैसे सुरुवातीच्या फीमध्येच धरते. वेगळे मागितले की नेमके तेच वाचवले जातात.

त्या मुलाच्या पांढऱ्या डागांवर मात्र माझ्याकडे जादू नव्हती. क्लिपा काढल्याबरोबर समोरच्या दातांवर कडक फ्लोराइडचा मारा केला तर वरचा थर घट्ट होतो आणि डाग आतच कोंडला जातो. म्हणून साधी फ्लोराइडची पेस्ट आणि लाळेचं काम, यावर काही महिने सोडलं. बरेच पुसट झाले. वरच्या दोन दातांवरचे राहिलेच. तो हसला की मला ते आधी दिसतात.

तुमचं क्लिनिक असेल तर आज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी एक करा. तीन महिन्यांत न आलेल्यांची कार्डं बाजूला काढा. त्यांच्यापुढे किती बाकी आहे ते बघू नका. स्वतः फोन लावा आणि फक्त विचारा, तार टोचत नाही ना?