ऑर्डरीतला इंग्रजी शब्द कोणत्या देशाचा?

परदेशी माल पाठविणाऱ्या आमच्या बांधवांची एक पक्की समजूत असते की इंग्रजी ही एकच भाषा आहे. ग्राहक लंडनचा असो, न्यूयॉर्कचा असो की डर्बनचा, शब्द तोच, म्हणून मालही तोच. मुलाला इंग्रजी शाळेत घातले, त्याच्याकडून ऑर्डर वाचून घेतली, की काम झाले असे आपण धरून चालतो. परंतु शब्दाचे स्पेलिंग वेगळे असेल तर निदान शंका तरी येते. स्पेलिंग तेच आणि अर्थ निराळा असेल, तर मागावरून थान उतरेपर्यंत कोणाच्याही ध्यानात येत नाही.

आपल्या धंद्यातला अगदी घरचा शब्द घेऊ या. 'कॅलिको'. हा शब्द मूळ आपल्याच किनाऱ्यावरचा. केरळातील कालिकत, म्हणजे आजचे कोळिकोड, या बंदरातून जे सुती कापड युरोपात जाई त्यास हे नाव पडले. त्यात साधे कापडही होते आणि छापीलही. छापील कापडाची तर विलायतेत एवढी चटक लागली की तेथील लोकर व रेशीम विणणारे कारागीर रस्त्यावर उतरले. 1700 साली छापील मालाच्या आयातीवर बंदी घातली गेली, 1721 च्या कायद्याने असे बहुतेक कापड अंगावर घालण्यासही मनाई झाली, आणि ही मनाई 1774 पर्यंत टिकली. आज स्थिती अशी आहे की इंग्लंडमध्ये कॅलिको म्हणजे न धुतलेले, साधे, कोरे कापड. आपण ज्यास मांजरपाट म्हणतो ते. ऑस्ट्रेलियातही तेच. अमेरिकेत मात्र कॅलिको म्हणजे बारीक फुलाफुलांची सुती छीट. तेथे अंगावर तीन रंगांचे ठिपके असलेल्या मांजरालाही कॅलिको म्हणतात. (आपल्या मांजरपाटाशी त्या मांजराचा काही संबंध नाही.)

मग कोऱ्या मांजरपाटाला अमेरिकन माणूस काय म्हणतो? तो म्हणतो 'मस्लिन'. हा शब्द इराकमधील मोसल शहरावरून आला, आणि इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ आपल्या मलमलीसारखे पातळ, विरळ विणीचे कापड. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी किंवा स्वयंपाकघरात गाळण्यासाठी ते वापरतात. आपणही मस्लिन म्हटले की मलमलच समजतो, कारण आपले इंग्रजी विलायती वळणाचे. अमेरिकेत मस्लिन हलकेही असते आणि चांगले जाडही. त्याच्या चादरी होतात. तेथील शिंपी महाग कापडाला कात्री लावण्यापूर्वी स्वस्त कोऱ्या कापडाचा नमुन्याचा झगा शिवून पाहतो, त्या झग्यालाही 'मस्लिन' असेच नाव आहे. म्हणजे इंग्लंडचा कॅलिको तो अमेरिकेचा मस्लिन, आणि अमेरिकेचा कॅलिको तो आपला छीट.

समजा, मालेगावच्या एका कारखानदाराला अमेरिकेतून दहा हजार मीटर कोऱ्या मस्लिनची ऑर्डर आली. त्याने इमानाने 80 काउंटचे सूत घेतले, पातळ मलमल विणली, एक डाग राहू दिला नाही. माल तिकडे पोहोचला. ग्राहकाला हवे होते शिंप्यांसाठी जाड कापड. आता मालात खोट नाही, नियतीत खोट नाही, तरी गठ्ठे बंदरात पडून आहेत आणि भाडे चढते आहे. परत आणावे तर वाहतूक अंगावर, तिकडेच विकावे तर मिळेल तो भाव. सूतवाल्याची उधारी तर ठरल्या दिवशी द्यायचीच असते.

यावर उपाय एकच. ऑर्डरीत कापडाचे नाव असेल तर असू द्यावे, पण त्याखाली ताण्याचा व बाण्याचा काउंट, एका इंचातले धागे, पन्हा आणि चौरस मीटरचे ग्रॅममध्ये वजन लिहून घ्यावे. आकड्याचा अर्थ लंडन व न्यूयॉर्कमध्ये बदलत नाही. त्याखेरीज एकाच थानातून दोन तुकडे कापून दोन्हींवर खूण करावी, एक ग्राहकाकडे पाठवून लेखी होकार घ्यावा व दुसरा जपून ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत कापडाचा रंग दिसतो, जाडी दिसत नाही.

तयार कपडे शिवणाऱ्यांची अडचण याहून मोठी. इंग्लंडमध्ये 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, अमेरिकेत तेच जाकीट. 'पॅण्ट्स' म्हणजे अमेरिकेत आपली विजार, तर इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी आतली चड्डी. 'जम्पर' इंग्लंडात स्वेटर असतो. अमेरिकेत तो बिनबाह्यांचा झगा, जो मुली ब्लाऊजवर घालतात. बटण, लेस, दोरा विकणाऱ्यांनी 'हॅबरडॅशरी' हा शब्द सांभाळावा. विलायतेत तो त्यांच्याच मालाचा शब्द, अमेरिकेत पुरुषांच्या कपड्यांचा. आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकाने 'मँचेस्टर' मागितले तर घाबरू नये, तो चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे मागतो आहे. एके काळी असला माल मँचेस्टरहून येई, शहराचे नाव मालाला चिकटले.

बोलीचे शब्द आणखी फसवे. नमुना पाहून अमेरिकन ग्राहकाने 'क्वाइट गुड' लिहिले तर तो खूश आहे. तेच इंग्रजाने लिहिले तर पुष्कळदा त्याचा अर्थ 'बरा आहे' एवढाच असतो, आणि ऑर्डर येईलच अशा भरवशावर सूत उचलणे धोक्याचे. 'स्कीम' हा आपला आवडता शब्द. विलायतेत व आपल्याकडे ती साधी योजना. अमेरिकन कानाला त्यात कारस्थानाचा वास येतो, म्हणून सवलतीच्या पत्रात तो घालू नये.

दक्षिण आफ्रिकेत तर 'जस्ट नाऊ' ही एक वेगळीच चीज आहे. केपटाऊन व डर्बनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, तिकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी हे ऐकलेही असेल. आपल्याकडे 'पैसे जस्ट नाऊ पाठवतो' म्हणजे आत्ता, लगेच. तेथे त्याचा अर्थ थोड्या वेळाने, सवडीने, कधी तरी. लवकर करायचे असेल तर तेथील माणूस 'नाऊ नाऊ' म्हणतो. यात त्याची लबाडी नसते. तेथील आफ्रिकान्स भाषेत अशाच घडणीचे शब्द आहेत, तीच चाल इंग्रजीत उतरली. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. उर्दूत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही, क्रियापदावरून समजून घ्यायचे. 'जस्ट नाऊ'चेही तसेच, फक्त किती वेळाने हे क्रियापदही सांगत नाही. म्हणून पैशाच्या बाबतीत तारीखच मागावी.

तारीखही महिन्याचे नाव अक्षरात लिहूनच. 5/6 म्हणजे आपल्याकडे व इंग्लंडात 5 जून, अमेरिकेत 6 मे. जहाजाच्या शेवटच्या तारखेत महिन्याचा फरक पडला तर लेटर ऑफ क्रेडिटची मुदत हातची जाते.

लेटर ऑफ क्रेडिटवर काम करणाऱ्यांना एक सोय आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे यूसीपी 600 हे नियम 1 जुलै 2007 पासून लागू आहेत, आणि त्यांनी अशा मोघम शब्दांचा अर्थ बांधून टाकला आहे. महिन्याची 'सुरुवात' म्हणजे 1 ते 10, 'मध्य' म्हणजे 11 ते 20, 'अखेर' म्हणजे 21 ते शेवटचा दिवस. अमुक तारखेच्या 'सुमारास' माल चढवावा असे असेल तर आधीचे पाच व नंतरचे पाच दिवस धरले जातात. रक्कम, नग किंवा दर यांच्यापुढे 'अंदाजे' असेल तर दहा टक्के कमी-जास्त चालते. 'तातडीने', 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द मात्र बँक विचारातच घेत नाही. बिलातले मालाचे वर्णन क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळावे लागते, म्हणून क्रेडिटमध्ये 'मस्लिन' असेल तर बिलात 'मलमल' लिहू नये. मालाविषयी शंका असेल तर क्रेडिट उघडण्यापूर्वीच ग्राहकाकडून शब्द बदलून घ्यावा. नंतर दुरुस्तीला बँकेचा खर्च येतो, आणि तो कोणी सोसायचा यावरून आणखी चार पत्रे लिहावी लागतात.