फोनांतील अनाहूत कळफलक

लेखन म्हटलें कीं पूर्वीं दौत, टांक आणि कागद हीं डोळ्यांपुढें येत. सांप्रत बहुतेकांचें लेखन बोटाच्या टोकानें कांचेवर होतें. परंतु त्या कांचेवर उमटणारा अक्षरांचा पट, म्हणजे ज्यास आपण कीबोर्ड अथवा कळफलक म्हणतों, तो फोनाचाच एक अवयव आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. ही समजूत बरोबर नाहीं. टंकलेखनयंत्राच्या कळा यंत्रास जडलेल्या असतात, तशा ह्या नव्हेत. स्मार्टफोनांतील कळफलक हें एक स्वतंत्र ॲप असतें. तें कोणी तरी रचिलेलें असतें, त्यास कोणी तरी मालक असतो, आणि तें बदलतां येतें. आपण न मागतां फोनाबरोबर आलेले कळफलक कसे ओळखावे, कसे बंद करावे, आणि तें करतांना कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

छापखान्याची रीत ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही गोष्ट चटकन् उमजेल. छापावयाचा मजकूर खिळे जुळविणाऱ्याच्या हातून जातो. तो वाचल्यावांचून जुळविणें शक्यच नसतें. कळफलक हा फोनांतील जुळारी होय. बोट कोठें टेकलें हें प्रथम त्यास कळतें. कोणतें अक्षर योजावयाचें हें तो ठरवितो. आणि मग तें अक्षर, आपण ज्या ॲपांत लिहीत असूं त्याच्या स्वाधीन करतो. भेद इतकाच कीं, छापखान्यांत आपण जगानें वाचावा असाच मजकूर देतों. फोनांत मात्र आईस लिहिलेलें पत्र, बँकेचा संकेतशब्द आणि डॉक्टरांस कळविलेलें दुखणें, हीं सर्व त्याच एका जुळाऱ्याच्या हातून जातात.

अँड्रॉइड ह्या प्रणालीनें हा धोका ओळखिलेला आहे. बाहेरून आणलेला एखादा कळफलक आपण चालू करूं लागलों, तर ती आपणांस थांबवून बजावते कीं, हें साधन संकेतशब्द व कार्डांचे क्रमांक यांसह तुमचें सर्व टंकन गोळा करूं शकेल. गंमत अशी कीं, जो कळफलक कारखान्यांतूनच बसवून आला असेल त्याच्या बाबतींत ही पायरी साधारणतः गाळलेली असते. घरांत आधींच येऊन बसलेल्या पाहुण्यास दारावर कोण विचारणार?

एकाच फोनांत दोन-दोन, तीन-तीन कळफलक कां असतात, हें आतां पाहूं. एक फोन बनविणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असतो. दुसरा बहुधा गूगल कंपनीचा असतो, कारण अँड्रॉइड तिची आहे. आणि स्वस्त फोनांत पुष्कळदां तिसरा, एखाद्या निराळ्या कंपनीचा, ठरावानें बसविलेला असतो. ह्या तिसऱ्यांत चित्रें, रंगीबेरंगी पार्श्वभूमि, विनोदी मुद्रा यांची रेलचेल फार, आणि मधूनमधून जाहिरातीही. यादींत ‘व्हॉइस टायपिंग’ म्हणून आणखी एक नांव आढळेल. तें बोललेलें ऐकून लिहिणारें साधन होय, व हात अडलेल्यास किंवा दृष्टि अधू असलेल्यास तें उपयोगी असल्यानें तें सरसकट काढूं नये.

विकत घेतलेल्या वस्तूंतून नको तो भाग काढण्याचा अधिकार ग्राहकास असावा कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या देशांत न्यायासनापुढेंही गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं गूगल कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, व अनेक आज्ञांत अशीही एक आज्ञा दिली कीं, आधींच बसविलेलीं आपलीं ॲप्स वापरणाऱ्यास काढून टाकतां येऊं नयेत असा प्रतिबंध त्या कंपनीनें ठेवूं नये. राष्ट्रीय कंपनी विधि अपील न्यायाधिकरणानें २९ मार्च २०२३ रोजीं दंड कायम राखिला, परंतु ही विशिष्ट आज्ञा रद्द केली. तात्पर्य, नको असलेल्या ॲपाची उठाठेव अजून आपली आपणांसच करावी लागते.

भीति निराधार आहे असें कोणी म्हणूं नये. डिसेंबर २०१७ मध्यें एआय.टाइप नांवाच्या कळफलकाचा माहितीसांठा संकेतशब्दावांचून उघडा पडलेला आढळला. त्यांत सुमारें ३ कोटी १० लक्ष लोकांची माहिती होती. एप्रिल २०२४ मध्यें टोरांटो विद्यापीठांतील सिटिझन लॅब ह्या संस्थेनें चिनी लिपीसाठीं वापरल्या जाणाऱ्या नऊ कंपन्यांच्या कळफलकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं आठ कंपन्यांच्या कळफलकांत असे दोष निघाले कीं, टंकिलेलीं अक्षरें दूरच्या यंत्राकडे जात असतां वाटेंतल्या तिऱ्हाइतास वाचतां यावीं. ही तपासणी चिनी लेखनापुरती होती, आणि पुढें बहुतेकांनीं दोष दुरुस्तही केले, हें सांगणें न्यायाचें होईल. पण शब्द सुचविण्यासाठीं टंकन दूर पाठविणारा कळफलक म्हणजे काय, हें त्यावरून कळून येतें.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. चंद्रपूर, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या दोन अरण्यमय जिल्ह्यांत एक फोन म्हणजे पुष्कळदां सबंध घराचा फोन असतो. वडिलांच्या बँकेचा निरोप, थोरल्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, धाकट्याचा अभ्यास, सारें त्या एकाच कांचेवर चालतें. म्हणून एका कळफलकाचा निष्काळजीपणा एका माणसास नव्हे, तर पांच माणसांस भोंवतो. शिवाय येथील फोन बहुधा कमी साठवणुकीचे असतात; निरुपयोगी ॲपाचें ओझें त्यांस सोसवत नाहीं. भामरागड किंवा एटापल्लीकडील आंतल्या गांवीं जाळें सांपडणें हीच मारामार. तेथें दूरच्या यंत्रास विचारून शब्द सुचविणाऱ्या कळफलकाचा उपयोग तो काय?

त्याहून मोठी अडचण भाषेची आहे. फोनाबरोबर आलेला कळफलक पुष्कळदां देवनागरी म्हणजे हिंदी असें धरून चालतो. मग ‘काळ’ लिहावयास गेलें तर तो ‘काल’ पुढें करतो, आणि मुळे आडनांवाचा विद्यार्थी अर्जांत ‘मुले’ होऊन बसतो! हंसण्यासारखी गोष्ट खरी. पण दाखल्यावरील नांव एक व अर्जावरील दुसरें असें झालें म्हणजे कचेरीच्या किती खेपा पडतात, हें जंगलांतून एसटीनें तालुक्यास येणाऱ्या बापास विचारावें.

आपल्याकडे भाषाही एक नाहीं. सिरोंचा तालुक्यांत तेलुगु, चामोर्शी व मुलचेरा भागांत वसलेल्या निर्वासितांच्या गांवीं बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लींत माडिया आणि इतरत्र गोंडी, असा हा मेळा आहे. तेव्हां ‘सर्व काढून एक इंग्रजी ठेवा’ हा कित्येक शहाण्यांचा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. काढावयाचा तो नको असलेला कळफलक. आपली भाषा नव्हे. एकाच कळफलकांत अनेक भाषा जोडतां येतात, त्यामुळें तेलुगुसाठीं निराळें व बंगालीसाठीं निराळें ॲप ठेवण्याची गरज सहसा पडत नाहीं.

प्रत्यक्ष कृति पुढीलप्रमाणें आहे. निरनिराळ्या फोनांत शब्द थोडे निराळे असतील, पण क्रम हाच ठेवावा. क्रम चुकला तर पंचाईत होते. प्रथम, जो कळफलक ठेवावयाचा तो नक्की करून त्यांत मराठी जोडावी. मराठीचा शब्दसंग्रह उतरवून घ्यावा लागत असेल तर तें काम चंद्रपुरास किंवा आलापल्लीस जाळें चांगलें असतांनाच उरकावें, गांवीं पोंचल्यावर नव्हे. नंतर ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टीम’ व त्यांतील ‘भाषा आणि इनपुट’ येथें जावें. कांहीं फोनांत हें ‘जनरल मॅनेजमेंट’ खालीं सांपडतें. तेथें ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ ह्या नांवाखालीं सर्व कळफलकांची यादी दिसेल. आपण निवडलेला मुख्य, म्हणजे ‘डीफॉल्ट’, करावा. दोन ओळी त्यानें लिहून पाहाव्या. आणि मगच इतरांपुढील खटका बंद करावा.

अँड्रॉइड एका वेळीं एकाच, निवडलेल्या, कळफलकाच्या हातीं टंकन देते. म्हणून खटका बंद झालेल्या कळफलकास आपण काय लिहितों तें दिसत नाहीं. निम्मी चिंता येथेंच मिटते. परंतु तें ॲप फोनांत राहतें, जागा व्यापतें, व कित्येकदां सूचनाही धाडीत राहतें. यासाठीं दुसरी पायरी: ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’च्या यादींत त्याचें नांव शोधून त्याचें पान उघडावें. त्यानें शिकून ठेवलेले आपले शब्द पुसण्यासाठीं आधीं ‘स्टोरेज’मध्यें जाऊन त्याचा ‘डेटा’ साफ करावा. मग ‘अनइन्स्टॉल’ दिसत असेल तर तें दाबावें, म्हणजे तें समूळ जाईल. तें नसून ‘डिसेबल’ दिसत असेल तर तें दाबावें. ॲप फोनांत पडून राहील, पण निजलेलें राहील.

समूळ कां जात नाहीं, असें कोणी विचारील. कारखान्यांत बसविलेलीं पुष्कळ ॲप्स फोनाच्या अशा कप्प्यांत असतात कीं, जेथें वाचतां येतें पण लिहितां किंवा पुसतां येत नाहीं. म्हणून अशा ॲपास झोंपवितां येतें, त्याच्या नव्या आवृत्त्या काढून मूळ आवृत्तीवर आणतां येतें, परंतु कप्प्यांतून उचलून फेंकतां येत नाहीं. संगणकास तार जोडून ‘एडीबी’ नामक साधनानें तें आपल्या खात्यापुरतें काढण्याची युक्ति आहे. तीही कप्पा रिकामा करीत नाहीं, व फोन कारखान्याच्या स्थितीस नेला म्हणजे तें ॲप पुन्हा हजर होतें. जेथें ‘डिसेबल’ हें अक्षरच निस्तेज असतें, तेथें निदान त्या ॲपास दिलेली संपर्कयादी, ध्वनिग्राहक व ठिकाण यांची परवानगी काढून घ्यावी आणि पडद्यामागें माहिती वापरण्याची मोकळीक बंद करावी.

ह्या तारेच्या युक्तीविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. वसतिगृहांतील एका उत्साही मुलानें फोनांतील मूळचे सारे कळफलक तिनें काढून टाकिले व बाहेरून आणलेला तेवढा एक ठेविला. सायंकाळपर्यंत सर्व ठीक चाललें. रात्रीं फोन बंद करून पुन्हा उघडला, तों कुलुपाचा संकेतशब्द लिहावयास कळफलकच येईना! कारण असें कीं, फोन नव्यानें चालू झाल्यावर कुलूप उघडेपर्यंत कांहीं थोडींच ॲप्स जागीं होऊं शकतात, आणि बाहेरून आणलेले पुष्कळ कळफलक त्यांत नसतात. अखेरीस संगणकाचा कळफलक तारेनें फोनास जोडून तो संकेतशब्द लिहिला, तेव्हां सुटका झाली. अंकी कुलुपास किंवा रेघांच्या कुलुपास ही अडचण येत नाहीं, कारण त्यांचा पट फोन स्वतःच दाखवितो. तरीही मूळचा एक कळफलक कधींही काढूं नये, बाजूस ठेवावा. ॲपल कंपनीच्या फोनांत ही व्यवस्था आधींच केलेली आहे: संकेतशब्दाच्या रकान्यांत तेथें नेहमीं कंपनीचाच कळफलक पुढें येतो, आणि बाहेरच्या कळफलकास ‘फुल ॲक्सेस’ न देण्याची सोय आहे.

कोणता ठेवावा, याची परीक्षा आम्ही अशी घेतों. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द लिहून पाहावे; एकांत गुरु, दुसऱ्यांत स्वयंपाकी. जो कळफलक हा भेद लिहूं देत नाहीं तो मराठीचा नव्हे. मग ‘ब्रह्मपुरी’, ‘पोंभुर्णा’, ‘वऱ्हाड’, ‘ऑक्टोबर’, ‘ॲप’ आणि ‘बाळ’ हे शब्द लिहावे. यांपैकीं एकासाठींही तीन-चार कळा चाचपाव्या लागल्या तर तो कळफलक बाजूस सारावा. इंग्रजी अक्षरांनीं मराठी लिहिण्याची सोय अनेकांस सोपी वाटते, व घाईंत ती चालते; पण ज्यांस पुढें टंकलेखन करावयाचें असेल त्यांनीं इन्स्क्रिप्ट रचनाच शिकावी असें आमचें स्पष्ट मत आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें १९८६ साली पुढें आणलेल्या ह्या रचनेंत डाव्या हातास स्वर व उजव्या हातास बहुतेक व्यंजनें असतात, आणि ‘क’ ची जागा देवनागरी, तेलुगु व बंगाली ह्या तिन्ही लिप्यांत एकच असते. सिरोंच्याच्या मुलास एकदां हात बसला कीं दोन्ही भाषा त्याच बोटांनीं लिहितां येतील.

गोंडी व माडिया लिहिणारे आपले विद्यार्थी बहुधा देवनागरीच वापरतात, म्हणून वरील परीक्षा त्यांसही लागू पडते. गोंडीच्या स्वतंत्र लिप्यांसही युनिकोडांत स्थान मिळालें आहे: मसराम गोंडीस २०१७ साली, आणि चंद्रपूरच्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा गांवच्या हस्तलिखितांतील लिपीस २०१८ साली. ह्या लिप्यांसाठीं कोणी बाहेरून कळफलक आणीत असेल, तर तो रचणारा कोण, आणि गोंडी लिहिण्यासाठीं त्यास संपर्कयादी कशाला हवी, हे दोन प्रश्न आधीं विचारावे.

शेवटीं एक लहानशी सूचना. फोनाची प्रणाली नवी झाली म्हणजे कित्येकदां नवी ॲप्स मागच्या दारानें आंत येतात, आणि मुख्य कळफलकही कधीं कधीं बदललेला आढळतो. म्हणून अशा प्रत्येक बदलानंतर ती यादी पुन्हा उघडून पाहावी. अर्ज भरावयाचा असेल त्या दिवशीं तर अर्ज उघडण्यापूर्वींच पाहावी.