काळजी मोजून घे, आनंद मोजू नकोस

आदिलाबाद,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला होता. वावर हाती घेतल्यापासून तुझी झोप उडाली आहे, ताटावर बसतोस पण जेवणात लक्ष नसतं, सूनबाईशीही धड बोलत नाहीस, असं ती सांगत होती. घरावर मोठं संकट आलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. बोंडअळी येईल का, वेचणीला बाया मिळतील का, सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस द्यायचा तर ॲपवर स्लॉट मिळेल का, हप्त्याची तारीख साधेल का, असल्या बारीकसारीक काळज्या आहेत. बारीक आहेत म्हणून मी त्यांना हलक्या मानत नाही. मोठं दुःख कोसळलं की अख्खं गाव दाराशी येतं. बारीक काळजी मात्र माणूस कोणाला सांगत नाही, रात्रभर एकटाच घोळवत बसतो. म्हणूनच ती जास्त पोखरते.

मराठी शाळेत पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली, आणि ज्या मातीत तू राबतोस त्याच मातीत मी वाढले. त्या अधिकाराने एक गोष्ट सांगते. जी काळजी मोजता येते, ती आधी मोजून घे.

बोंडअळीचंच बघ. एकरी दोन कामगंध सापळे लाव. रोज सकाळी जाऊन प्रत्येकात नर पतंग किती अडकले ते मोज आणि वहीत तारखेपुढे आकडा लिही. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग मिळाले, तर फवारणीचा विचार करायचा, असं शेतीतले जाणकार सांगतात. पऱ्हाटीतून फिरताना पाकळ्या गुलाबासारख्या मिटून राहिलेली फुलं दिसतील, त्या डोमकळ्या. त्या तोडून आतल्या अळीसकट नष्ट कर. एवढं झालं की त्या दिवसाचं तुझं काम संपलं. वहीत आकडा दोन असेल, तर रात्री बाजेवर पडून पन्नास पतंगांची भीती बाळगायचं कारण नाही.

कापूस विकायची काळजीही अशीच. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. हमीभाव पूर्ण मिळतो तो आठ टक्के ओलाव्यापर्यंत. पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतात, म्हणजे त्या भावाने क्विंटलमागे साधारण 81 रुपये. बारा टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. मग भाव काय मिळेल म्हणून कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा हातातलं काम बघ. आपल्याकडे या दिवसांत दहिवर दाट पडतं. बाया पहाटेच वावरात उतरल्या तर ओला कापूस गाठोड्यात जातो आणि आतून कोंदटतो. दहिवर उडून बोंडं कोरडी झाली की वेचणी लाव. घरी आणलेला कापूस थेट थप्पीला लावू नकोस. अंगणात ताडपत्रीवर पातळ पसर, दुपारी एकदा खालवर कर, आणि ऊन कलायच्या आत उचल. मुठीत दाबून सोडलेला कापूस लगेच फुलून आला पाहिजे. बाजाराचा भाव तुझ्या हातात नाही, पण ओलावा बऱ्याच अंशी आहे.

काही काळज्यांना मात्र मापच नसतं. त्या बोलायच्या असतात, आणि आधी घरातल्या माणसाशी. सूनबाई पैनगंगेपलीकडची, पांढरकवड्याकडची. माहेर जवळच आहे, पण नदी ओलांडली की पाट्या बदलतात. बसवरचं गावाचं नाव, रेशन दुकानाचा फळा, मीसेवा केंद्रातून मिळणारा सरकारी कागद, सगळं तेलुगूत. एकटीने आदिलाबादला यायचं म्हटलं की पोरीच्या पोटात गोळा येत असेल, आणि ते ती तुला सांगणार नाही, कारण तुझाच चेहरा उतरलेला असतो. तू तेलुगू वाचतोस. रोज जेवण झाल्यावर अर्धा तास तिच्याजवळ बस आणि अक्षरं शिकव. शिकवता शिकवता तुझ्या मनातलंही तिच्यापुढे मोकळं कर. नवरा गप्प राहिला की बायकोला वाटतं, आपलंच काही चुकलं. तेवढं कोडं तिला घालू नकोस.

आपल्या घराने याहून मोठे फेरे पाहिलेत. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. 1956 साली भाषावार प्रांत झाले, तेव्हा किनवट आणि राजुरा हे आपल्याच जिल्ह्यातले तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात आलो. सोयरे तिकडे, वावर इकडे. 2014 ला तेलंगण झालं, 2016 ला आदिलाबादचे चार जिल्हे झाले. तुझ्या आजीला यातलं काही कोणी विचारून केलं नाही. पण पेरणीआधी सरकी निवडणं, लेकीसुनांच्या बाळंतपणाची तयारी ठेवणं, जात्यावर बसल्यावर गाणं म्हणणं, हे तिने एकाही हंगामात चुकवलं नाही. तिचं घर या रोजच्या कामांनीच उभं राहिलं.

आता आनंदाचं. कापूस विकला की, हप्ता फिटला की, मग निवांत बसू, असं तू म्हणतोस ना? तसं म्हणत राहिलास तर ती वेळ कधीच यायची नाही. आनंदाला हंगाम असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. जंगलातली सीताफळं आताच रस्त्याकडेला टोपलीत दिसतील, पुढच्या महिन्यात शोधूनही मिळणार नाहीत. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी आणि कच्चा कांदा, एवढं ताटात असताना हातातला फोन बाजूला ठेवत जा. थंडी तर तेलंगणात आपल्या जिल्ह्याइतकी क्वचितच कुठे पडते. पहाटे शेकोटीपाशी म्हातारी माणसं बसतात, त्यांच्यात घडीभर टेक. पावसाची, बियाण्याची, माणसांची किती माहिती तिथे फुकट मिळते! पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेसराम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि कुळातल्या नव्या सुनांची देवाला ओळख करून देतात. सूनबाईला ती जत्रा दाखव. कापूस घरात असला तरी जा आणि नसला तरी जा.

आणखी एक, जरा नीट वाच. कर्ज डोईजड झालं, जगणंच नकोसं वाटू लागलं, असं मनात आलं तर ती बारीक काळजी नव्हे. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी ते दुःख भोगलं आहे. अशा वेळी एक रात्रही एकट्याने काढायची नाही. मला उठव, कितीही वाजलेले असोत. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं. दाढ दुखली तर डॉक्टरकडे जातोस, मन दुखलं तरी जायचं. त्यात कमीपणा कसला?

तू कष्टाळू आहेस, व्यसन नाही, हिशेब चोख आहे. दादाने ठेवलेलं वावर तू नक्की सांभाळशील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सगळा भार एकट्याने वाहायचा नसतो, एवढंच शिक. उद्या सकाळी सापळ्यांची वही सुरू कर, आणि संध्याकाळी सूनबाईला तेलुगूचं पहिलं अक्षर गिरवून दे. दोन्ही झालं की मला फोन कर.

वहिनीला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आत्या