साखळी करवतीची गळकी तेलटाकी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. रस्ते व वाड्या मोकळ्या करण्याच्या कामी पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच चेन सॉ, फार उपयोगी पडली. पेण व रोहे तालुक्यांत तेव्हापासून जी यंत्रे वापरात असतील ती आता जुनी झाली. अशा यंत्राची नेहमीची तक्रार म्हणजे तेलटाकीची गळती.

ही गळती म्हणजे केवळ तेलाचा नाश नव्हे. काम चालू असता टाकी रिकामी झाल्यास पट्टी तापून निळी पडते, साखळी ताणली जाते आणि तुटलेली साखळी चालविणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते.

प्रथम गळती खरी आहे काय ते पाहावे. काम संपल्यावर पट्टी व साखळीवरील थोडे तेल रात्रभरात खाली उतरतेच. त्यास दोष समजू नये. मात्र सकाळी थारोळे दिसल्यास यंत्र थंड असताना स्पार्क प्लगची टोपी काढावी व पेट्रोल आणि तेल दोन्ही उपसून घ्यावे. रॉकेल व ब्रशने अंग स्वच्छ करून पूर्ण वाळवावे. नंतर टाकीत फक्त तेल भरून बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरावी व यंत्र कागदावर ठेवावे. पावडर जेथे प्रथम भिजेल तेथे दोष समजावा.

पुष्कळदा टाकी फुटलेली नसतेच. झाकणातील रबरी कडे चपटे झालेले असते, किंवा टाकीतून पंपाकडे जाणारी रबरी नळी कडक होऊन चिरलेली असते. या दोन्ही वस्तू बदलणे सोपे. नळीपर्यंत जाण्यास अनेक यंत्रांत क्लच काढावा लागतो, व त्याचे आटे बहुधा उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविला असता सुटतो. प्रस्तुत लेखकाने एकदा विरुद्ध दिशेने जोर लावून पाहिला आहे. त्याची किंमत नव्या क्लचइतकी पडली. टाकीत हवा घेणारे बारीक छिद्र गळते म्हणून लांबीने बुजवू नये. हवा न मिळाल्यास तेल पंपाकडे जाणार नाही. तेथील झडपच बदलावी.

धातूच्या टाकीस खरोखर तडा असल्यास त्याच्या दोन्ही टोकांशी दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. भोवतालची जागा पॉलिश कागदाने खरबरीत करून थिनरने पुसावी व दोन भाग कालवून लावावयाचे, तेलास टिकणारे इपॉक्सी बाहेरून लावून २४ तास राहू द्यावे. प्लॅस्टिकच्या टाकीवर ते सहसा टिकत नाही. तेथे भागच बदलावा. वेल्डिंगसाठी मात्र यंत्र नेऊ नये. अनेक करवतींचे अंग मॅग्नेशियमचे असते व त्याचा कीस पेट घेतो. त्यावर पाणी टाकल्यास आग भडकते. कोरडी वाळूच टाकावी. छिद्र पाडताना निघालेला कीसही गोळा करून दूर ठेवावा.

दुरुस्तीनंतर साखळीचे तेलच भरावे. गाडीतून काढलेल्या काळ्या तेलातील धातूचा कीस पंपाची झीज करतो. पेट्रोल व तेल दोन्ही टाक्या काठोकाठ भरून काम सुरू करावे. पेट्रोल संपेल तेव्हा तेल थोडे शिल्लक असले पाहिजे. तसेच फिरती साखळी कोरड्या, फिक्या लाकडाजवळ वीतभर अंतरावर धरली असता त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती न उमटल्यास यंत्र बंद करून पंप पाहावा.