नाणेघाटातील २४,४००

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम सीमेवरील नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इ.स. पूर्व पहिल्या शतकातील मानतात. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची ही यादी आहे: ११,००० गाई, १,००० घोडे, आणि एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. बेल्ह्याच्या विद्यार्थ्यांस मोठ्या संख्येचा अभ्यास करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

लेखकाराजवळ शून्य नव्हते. स्थानानुसार किंमत बदलण्याची पद्धतही नव्हती. त्याने वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची तीन चिन्हे शेजारी कोरली. हजाराच्या चिन्हास वीसचे चिन्ह जोडले की वीस हजार. वाचणाऱ्याने बेरीज करावयाची. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला.

आता संख्येकडे वळू. २४,४०० चे मूळ अवयव पाडले असता २ चार वेळा, ५ दोन वेळा आणि ६१ एकदा येतो. त्यामुळे तिला (४+१) × (२+१) × (१+१) = ३० विभाजक आहेत. म्हणजे एकही नाणे न मोडता ही रक्कम तीस निरनिराळ्या प्रकारे सारखी वाटता येते. एकसष्ट जणांस प्रत्येकी ४००. स्वतः संख्या वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ३५,१८२ होते. ती संख्येहून मोठी, म्हणून ही विपुल संख्या. याच लेखातील १,१०१ गाई पाहा: विभाजक केवळ चार, आणि स्वतः वगळता बेरीज ३७१. ही न्यून संख्या ठरते. शिवाय ६१ ला ४ ने भागता बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच (२५ + ३६). म्हणून २४,४०० = १००² + १२०².

हे गुण संख्येचे आहेत, लिपीचे नाहीत. कोरणाऱ्याच्या चिन्हांतही ते होतेच. परंतु दुसरा एक गुण आपल्या लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. अंकांची बेरीज २+४+४+०+० = १०, आणि १० ने २४,४०० ला निःशेष भाग जातो. अशा संख्येस ‘हर्षद’ हे नाव देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर (जन्म १९०५) यांनी दिले. एक कार्षापण वाढवा: २४,४०१ ची अंकबेरीज ११, भाग जात नाही, हर्ष संपला!

इतिहासाच्या शिक्षकास मात्र एक गोष्ट खटकते. ही नाणी कोणाच्या श्रमातून आली, हे नाणेघाटचा लेख सांगत नाही. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील दानलेख त्याहून बोलके आहेत. तेथे धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिल्याचे नोंदले आहे. आकडे लहान, पण देणारा ओळखू येतो.

नागनिकेच्या लेखात २४,४०० च्या पुढेच ६,००१ कार्षापणांची आणखी एक नोंद आहे. तिचे विभाजक किती आणि ती हर्षद आहे काय, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे.