दुधाची भुकटी आणि देशाचे धोरण



‘आर्थिक धोरणात तंत्रज्ञानाचे स्थान’ असा निबंध आला की आपण लगेच संगणक आणि उपग्रहांकडे वळतो. आज आपल्या बडोद्याहून जवळच असलेल्या आणंदचे उदाहरण पाहू.

खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी दूध संघ स्थापन केला. पुढे त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात, उन्हाळ्यात कमी. हिवाळ्यातल्या जास्तीच्या दुधाचे करायचे काय? भुकटी करावी, तर ती गाईच्या दुधाचीच होते, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. आणंदचे तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. १९५५ साली तिथे कारखाना सुरू झाला आणि हिवाळ्यातही सभासदांचे दूध घेणे संघाला शक्य झाले.

हा झाला शोध. मग धोरण कुठे आले?

१९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला आले. हीच पद्धत देशभर न्यावी, या हेतूने १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. डॉ. वर्गीस कुरियन त्याचे अध्यक्ष झाले. १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ योजना सुरू झाली. युरोपातून भेट म्हणून भुकटी आणि लोणी-तेल येत होते. ते स्वस्तात वाटले असते तर आपल्या शेतकऱ्याच्या दुधाचा भाव पडला असता. म्हणून त्यापासून दूध बनवून शहरांतील डेअऱ्यांमार्फत विकले गेले आणि तो पैसा गावोगावच्या दूध सोसायट्या व शीतकरण केंद्रे उभारण्यासाठी वापरला गेला.

१९५०-५१ साली देशाचे दूध उत्पादन सुमारे १.७ कोटी टन होते. २०२३-२४ साली ते सुमारे २४ कोटी टन झाले. १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे.

यातून काय शिकावे? यंत्र विकत आणता येते. पण त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, हे धोरण ठरवते. आणंदमध्ये कारखान्याची मालकी दूध घालणाऱ्यांचीच होती. म्हणून एक-दोन म्हशी असलेल्या घरालाही त्या शोधाचा उपयोग झाला.

विचार करा :
१. भेट आलेली भुकटी फुकट वाटली असती तर काय झाले असते?
२. घरी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर ‘फॅट’ किती लिहिले आहे? दुधाचा भाव त्यावरून का ठरतो, हे आईबाबांना विचारा.