काटा कुठं असतो?

दिवाळी सरली की आमच्या गाडीला तिचं वय आठवायचं. गाडी 2006 सालची, डिझेलची, आठ माणसं आणि वर मोसंबीचे चार क्रेट मावतील अशी. उन्हाळ्यात तिची काही तक्रार नसायची. पण पहाटे कालव्याच्या अंगानं गार वारं सुटायला लागलं, की सेल्फ मारल्यावर आधी नुसती घरघर, मग पांढऱ्या धुराचा लोट. निघाली तरी वडीगोद्रीला हायवेवर चढताना मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवणार. दोन ट्रॉल्या भरलेल्या ट्रॅक्टरनं आपल्याला बाजूला हो म्हणावं, यापेक्षा गाडीवाल्याचा मोठा अपमान आमच्या अंबड तालुक्यात नाही.

2023 च्या हिवाळ्यात हे दुखणं फारच वाढलं. ऑगस्टच्या 29 तारखेला आमच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं आणि त्यानंतर आमच्या गावानं जेवढ्या गाड्या पाहिल्या, तेवढ्या आधीच्या पन्नास वर्षांत पाहिल्या नसतील. जितक्या गाड्या तितके ड्रायव्हर, आणि जितके ड्रायव्हर तितके सल्ले. कोणी म्हणालं बॅटरी बसली, कोणी म्हणालं नोझल गेले. एकानं तर छातीठोक सांगितलं, "थंडीनं डिझेल गोठतंय टाकीत." आपल्याकडं पहाटे आठ-दहा अंश असतात. तेवढ्यानं डिझेल गोठत नाही. ते दुखणं लडाखचं. इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांतही वाहणारं हिवाळी डिझेल तिकडच्यासाठी काढलं. पण तेव्हा मलाही ते पटलं होतं, कारण 'डिझेल गोठलं' म्हणण्यात आपली काही चूक निघत नाही.

मी काय केलं? नवी बॅटरी टाकली. फरक पडला, म्हणजे घरघर जोरात व्हायला लागली. मग पंप खोलला. डिझेल पंप काढून कॅलिब्रेशन करून परत बसवायला माझे साडेअठरा हजार गेले आणि चार दिवस गाडी गॅरेजला पडून राहिली. परत आली तर तशीच. उलट अ‍ॅव्हरेज आणखी पडलं. 15 देणारी गाडी 11 वर आली. तरी मी समजूत घातली, म्हातारी झाली बिचारी.

जानेवारी उजाडला. 20 जानेवारी 2024 ला मनोज जरांगे पाटील आमच्या गावातून मुंबईकडं पायी निघाले, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्या गाडीत सहा माणसं, ज्वारीच्या पिठाची पोती, ठेच्याचे डबे, गॅसची शेगडी आणि टपावर गोधड्या. शहागड, गेवराई करत पहिला मुक्काम मातोरीला. माणसांच्या लोंढ्यामागं गाडी गोगलगायीसारखी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत होती. धूळ अशी, की पुढची गाडी दिसेना. दुसऱ्या दिवशी पाथर्डी, तिसगाव मागं टाकून करंजी घाटाच्या पायथ्याला आलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. वारं कापत होतं. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलाय, मागं काळा धूर, आणि वेग माणसाच्या चालीइतका. पहिल्या गिअरलाही दम खायला लागली. शेवटी कडेला घेतली, चाकांना दगड लावले.

मागून एक सहाचाकी टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर साठीच्या पुढचा, डोक्याला मफलर. आम्ही त्याला मामा म्हणायला लागलो, ते परत येईपर्यंत मामाच राहिला. मी लगेच पंपाची कहाणी सांगायला लागलो. मामानं हात वर करून थांबवलं आणि एकच विचारलं.

"काटा कुठं असतो?"

"कसला काटा?"

"टेंपरेचरचा. कुठं असतो रोज?"

मी आठवायला लागलो. काटा खालीच असतो, तळाच्या रेघेवर. मला त्याचं बरंच वाटायचं. इंजिन गार आहे, म्हणजे तब्येत ठीक.

"घाट चढतोय, मागं एवढं वजन, आन् काटा तळाला?" मामा हसला. "थर्मास्टेट काढलाय का हो कोणी?"

तेव्हा मे महिना डोळ्यासमोर आला. जालन्याला जाताना भर दुपारी इंजिन तापलं होतं, वाफ निघत होती. रस्त्याकडेच्या मेकॅनिकनं थर्मोस्टेट काढला, पाण्याचा रस्ता मोकळा केला आणि म्हणाला, "आपल्या भागात याची गरजच नाही." गाडी तापायची थांबली. मी खूश, तो खूश. खरं कारण वेगळंच होतं: वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्या क्षारानं अर्ध्या बुजल्या होत्या. त्या साफ करायला दिवस गेला असता. थर्मोस्टेट काढायला पंधरा मिनिटं लागली.

हा थर्मोस्टेट म्हणजे पितळेची एक छोटी झडप, आत मेण. इंजिन गार असेपर्यंत तो बंद राहतो आणि पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. साधारण 80-85 अंशांना मेण फुगतं, झडप उघडते. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरून गार होत राहतं आणि हिवाळ्यात, हळू चालीला, इंजिन कधी तापतच नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात नुसती दाबलेली गरम हवा. माझ्यासारख्या जुन्या इंजिनात ही हवा वीसपट दाबली जाते आणि तिच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. भोवतीचं लोखंड गार असेल तर ती उष्णता भिंतीच खातात. डिझेल अर्धवट जळतं, काही पांढरा धूर होऊन जातं, काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. अ‍ॅव्हरेज कुठं गेलं ते आता कळलं. आणि ज्याला मी तब्येत समजत होतो, ते इंजिनचं अंग आठ महिने गारठलेलं होतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टेट काढल्यावर पाण्याचा बायपास उघडाच राहतो आणि गाडी जास्त तापते. म्हणजे उन्हाळ्यातही हा उपाय भरवशाचा नाही.

पण मामा इथंच थांबला असता तर गाडी त्या रात्री घाट चढली नसती. घाटातली ओढ फक्त थर्मोस्टेटनं गेली नव्हती. त्यानं एअर क्लीनरचं झाकण उघडलं. आतला फिल्टर दोन दिवसांच्या धुळीनं आणि त्याआधीच्या दोन वर्षांच्या माझ्या आळसानं मातीच्या विटेसारखा झाला होता. काळा धूर त्याचा. डिझेल आत येतंय, हवा येत नाही. मग तो बाटली घेऊन एकेका चाकापाशी वाकला आणि ड्रमवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकले. तीन चाकांवर थेंब ओघळले, मागच्या डाव्या चाकावर चर्र झालं. हँडब्रेकची केबल गंजून आखडली होती. मी हँडब्रेक सोडत होतो, चाक सोडत नव्हतं. म्हणजे दोन दिवस मी ब्रेक लावून गाडी हाकत होतो आणि शिव्या पंपाला देत होतो.

फिल्टर झाडला, केबल ढिली केली, चाकाला निवू दिलं, गोधड्या आणि पोती मामाच्या टेम्पोत टाकली. गाडी दुसऱ्या गिअरला घाट चढली. नगरच्या पुढं मात्र मी तिला नेलं नाही. एका नातेवाइकाच्या वाड्यात लावली आणि वाशीपर्यंत मामाच्या टेम्पोत, पोत्यांवर बसून गेलो.

हे सगळं सविस्तर सांगण्याचं कारण, की जुनी गाडी थंडीत ओढेना झाली की आपण नेमके खर्चाच्या टोकाकडून सुरू करतो. मी साडेअठरा हजारांवरून सुरू केलं, आणि दोष सापडले ते पाण्याच्या दोन थेंबांनी. तुम्ही उलट जा. सपाट रस्त्यावर, मागं-पुढं कोणी नसताना, वेग असताना गाडी न्यूट्रल करा. ती आरामात घरंगळत थांबली पाहिजे. कोणी शेपूट धरल्यासारखी थांबली, तर आधी चाकं बघा. हवा बघा, गारव्यानं टायरमधली हवा आपोआप उतरते, दहा अंशांना दीडेक पौंड, आणि मे महिन्यात भरलेली हवा आपण जानेवारीत कुठं मोजतो? एअर फिल्टर उघडून उजेडासमोर धरा. आमच्या भागात कापूस, ऊस आणि कच्चे रस्ते असताना पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघण्यात अर्थ नाही.

मग काटा. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर तो मधल्या भागात आला पाहिजे आणि तिथं राहिला पाहिजे. खात्री करायची असेल तर सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला, पंख्यापासून जपून, हात लावा. थर्मोस्टेट असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर आत थर्मोस्टेट नाही किंवा उघडाच अडकलाय. काढलेला थर्मोस्टेट चालतो की नाही, ते चुलीवरच्या पातेल्यातही कळतं: उकळत्या पाण्यात तो उघडला पाहिजे, बाहेर काढल्यावर मिटला पाहिजे. आमच्या हिनं त्या पातेल्यात पुन्हा चहा करायला नकार दिला, तेव्हा जुनं पातेलं घ्या. आणि रेडिएटर साफ न करता नुसता थर्मोस्टेट बसवलात, तर मे महिन्यात पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच झाडाखाली उभे राहाल. साफ करून घ्या, बोअरचं पाणी बंद करा, कूलंट टाका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्या वाफेनं भाजलेले हात मी पाहिलेत.

सकाळी सुरूच होत नसेल तर प्रकरण वेगळं. जुन्या डिझेलला हीटर प्लग असतात, सिलिंडरमागे एक. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो तो त्यांचा. तो विझेपर्यंत थांबायचं असतं, आणि आपण थांबत नाही. माझ्या चारपैकी दोन प्लग जळालेले निघाले. म्हणजे सकाळी गाडी दोन सिलिंडरवर उठायची आणि बाकीच्या दोघांना ओढत उठवायची. टेस्ट लॅम्पनं दहा मिनिटांत कळतं. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास असली पाहिजे. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर ती थकली. पण नवी घेण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. मी जुनी बॅटरी एक्स्चेंजला दिली, ती कदाचित चांगली होती. ऑइलही बघा. इंजिन ऑइल खातंय म्हणून मी पुस्तकातलं 15डब्ल्यू-40 सोडून जाड 20डब्ल्यू-50 ओतत होतो. आपल्या थंडीत एवढा फरक गाडी मारत नाही, पण आधीच कमजोर सेल्फला तेवढंही पुरतं.

पेट्रोलच्या कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्या अजून काही जणांकडं आहेत. त्यांचं दुखणं बहुतेक चोकचं असतं. चालवणारे एकतर चोक ओढत नाहीत, नाहीतर ओढलेला परत ढकलायचा विसरतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. डिझेलचा बोळा पेटवून चेंबरखाली धरणारे मी पाहिलेत. खालून ऑइल झिरपत असतं, वर रबराचे पाइप असतात. गाडी गरम होईल, पण मग थांबवता येणार नाही. आणि शेडचं दार लावून गाडी गरम करत ठेवू नका, बंद काचांत इंजिन चालू ठेवून झोपू तर नकाच. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तसंही पंधरा मिनिटं जागेवर घुरघुर करत ठेवण्याची गरज नाही. मिनिटभर चालू द्या आणि मग पहिले दोन-चार किलोमीटर गाडीला न ताणता चालवा, ती चालताना लवकर तापते.

वाशीहून परतल्यावर मी नगरहून गाडी आणली आणि जालन्याला नवा थर्मोस्टेट आणायला निघालो. गाडीची कागदपत्रं घ्यायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला, तो पितळेचा थर्मोस्टेट होता. मे महिन्यात मेकॅनिकनं प्रामाणिकपणे माझा मलाच परत देऊन ठेवला होता. पातेल्यात टाकला, उघडला. तोच बसवला. तुमची गाडी थंडीत ओढत नसेल, तर पंप खोलायच्या आधी एकदा तो कप्पा उघडून बघा.